सहावा पेला

आमच्या कामात जे तयार होतं ते सगळं पांढरं असतं. चांगलं जमलेलं पांढरं, आणि बिघडलेलंही पांढरंच. सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एकमेकांना धरून एक जाळी बांधतात. या जाळीला भोकं असतात, लहान रेणू आतबाहेर करू शकेल एवढीच. त्या जाळीत मधूनमधून एखाद्या सिलिकॉनच्या जागी आम्हाला कथिलाचा अणू बसवायचा असतो. तो बसला तर ती पूड साखरेच्या एका प्रकाराचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करते. नाही बसला तर कथील जाळीबाहेर ऑक्साइड होऊन पडून राहतं. कॉलेजातल्या मावशींना हे एकदा समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे कल्हईच की. भांड्याला चिकटली तर कल्हई, न्हाय चिकटली तर कचरा." इतकं नेमकं मी वर्गात कधी सांगू शकले नाही, पण एक अडचण उरतेच. कल्हई चिकटली का ते भांड्याकडं बघून कळतं. आमच्या पुडीकडं बघून काहीच कळत नाही. तिच्यावर क्ष-किरण टाकावे लागतात, ती कुठला प्रकाश शोषते ते मोजावं लागतं. शोषणाचं टोक दोनशे नॅनोमीटरच्या आसपास आलं तर अणू जागेवर बसला. तीनशेच्या दिशेनं सरकलं तर तीन आठवड्यांहून जास्त चाललेली भट्टी वाया गेली.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. वय पन्नाशीच्या जवळ. संशोधन उशिरा सुरू केलं, त्यामुळं माझ्या हाताखाली पीएच.डी. करणारी पहिली मुलगी मला बरीच उशिरा मिळाली. ती गडमुडशिंगीची. मी सांगतेय त्या वर्षीच्या उन्हाळ्यात लग्न होऊन ती कळंब्याला सासरी आली होती. नवऱ्याचा लेथ मशीनचा लहानसा कारखाना होता. ही गोष्ट तिच्या उजव्या हाताची आहे.

आमचा पदार्थ शिजतो तो टेफ्लॉनच्या पेल्यात. पांढरा, जाड काठाचा, घोटभर ताक मावेल एवढा पेला. त्यात सिलिका, कथिलाचा क्षार आणि बाकीचं मिश्रण घालायचं, पेला पोलादी कवचात बसवायचा, झाकण आवळायचं आणि ते सगळं ओव्हनमध्ये ठेवून द्यायचं. असे सहा पेले आमच्याकडं होते. पेला पुन्हा वापरायचा तर तो नुसता घासून चालत नाही. आदल्या खेपेचे स्फटिक त्याच्या भिंतीला चिकटून राहतात, दिसत नाहीत, आणि पुढच्या खेपेला विरजणासारखं काम करतात. आपल्याला हवी ती जाळी न होता जुनीच जाळी पुन्हा होते. म्हणून पेल्यात पातळ हायड्रोफ्लोरिक आम्ल भरून रात्रभर ठेवायचं. सिलिका विरघळवणारं आम्ल तेवढं एकच. काचही विरघळवतं, म्हणून ते प्लास्टिकच्या बाटलीत येतं.

या आम्लाची मला पहिल्यापासून भीती वाटत आली आहे. सल्फ्युरिक सांडलं तर लगेच आग होते, माणूस किंचाळून नळाकडं धावतो. हे पातळ करून घेतलं की पाण्यासारखं दिसतं, पाण्यासारखं लागतं आणि तासन् तास काही म्हणत नाही. तोवर ते कातडीतून आत उतरून हाडातलं कॅल्शियम शोधत असतं. जास्त गेलं तर रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं, आणि मग हृदयाचं काही सांगता येत नाही. बाटली मी कुलपात ठेवायचे, किल्ली माझ्या पर्समध्ये. कॅल्शियम ग्लुकोनेटच्या जेलची ट्यूब स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये डब्यांच्या शेजारी असायची. तिच्यावरची मुदत मी दर महिन्याच्या एक तारखेला बघायचे. सगळे हसायचे. "मॅडम, ट्यूबचा वाढदिवस कधी?" असं ती मुलगीही एकदा म्हणाली होती.

खंडेनवमीला कॉलेजला सुट्टी असते, पण प्रयोगशाळेतल्या हत्यारांची पूजा होते. आदल्या दिवशी मावशी सगळं पुसून ठेवतात. सकाळी टेबलावर नवं फडकं घालून तराजू, थर्मामीटर, नट आवळायचे पाने, पोलादी कवचं असं सगळं मांडायचं, ओव्हनला झेंडूची माळ घालायची. त्या दिवशी मी पोचले तेव्हा मांडामांड झाली होती. माझ्या विद्यार्थिनीनं हिरवी साडी नेसली होती, हातभर हिरवा चुडा. मावशी म्हणाल्या, "औंदा पूजा हिच्या हातनं होऊ द्या मॅडम. नवी नवरी हाय. ओव्हन तरी धड चालंल."

"ओव्हन थर्मोस्टॅटमुळं बिघडलाय मावशी, माझं लग्न न झाल्यामुळं न्हाय," ती म्हणाली.

पूजा तिनं केली. आधी हत्यारांवर पाणी शिंपडलं, मग अनामिकेनं एकेकाला हळदीकुंकू लावलं, फूल वाहिलं. मग आरती. टाळ नव्हते म्हणून मावशींनी पाना आणि पोलादी झाकण घेऊन ताल धरला. मी टाळ्या वाजवत उभी होते, आणि मला मोजायची सवय आहे. दुकानात, जिन्यात, लग्नाच्या पंगतीत मी मोजत असते. आरती म्हणता म्हणता मी टेबलावरच्या वस्तू मोजल्या. कवचं सहा. पेले सहा.

पेले पाच असायला हवे होते.

सहावा मी स्वतः आदल्या दुपारी आम्ल भरून, वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या धुराड्याच्या कपाटात ठेवला होता. सूचना लिहिलेला कागद खालच्या ट्रेला चिकटवला होता, पेल्याला नाही. टेफ्लॉनला काही चिकटत नाही. टेबलावरचे पाच पेले पालथे होते. सहावा उताणा, समईजवळ. त्याच्यात अर्ध्यापर्यंत पाणी दिसत होतं आणि त्या पाण्यात झेंडूची एक पाकळी तरंगत होती.

आरती संपली होती. मुलगी सगळ्यांच्या हातावर खोबरं-साखर ठेवत होती. मावशींच्या हातावर ठेवलं, माझ्यापुढं हात केला, मी घेतलं नाही, आणि उरलेला तुकडा स्वतःच्या तोंडाकडं नेला. मी तिच्या हातावर फटका मारला. खोबरं उडून तराजूवर पडलं. मावशींच्या हातातलंही मी खाली पाडलं.

"पाणी कुठल्या भांड्यातलं शिंपडलंस?" मी विचारलं.

तिनं पेल्याकडं बोट केलं. मग तिचंही लक्ष गेलं. तिचा चेहरा जसा झाला तसा मी त्याआधी कुणाचा पाहिला नव्हता.

"त्यात पाणीच हुतं की," मावशी म्हणाल्या. "कपाटात एकटाच राह्यलता म्हणून मी आणून ठेवला. आयतं पाणी भरलेलं. पूजेचंच वाटलं."

मी तिला ओढत सिंकपाशी नेलं आणि नळ पूर्ण सोडला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एवढी बुडवली होती, असं ती म्हणाली. अनामिकेत लग्नाची अंगठी होती. तिच्याखाली थेंब अडकून राहतो. साबण लावून अंगठी ओढली तर निघेना. ती म्हणाली, "मॅडम, राहू दे की, सासूबाई..." मी ऐकलं नाही. बोट सोललं तरी चालेल अशा जोरानं मी ओढली आणि ती निघाली. मावशींनाही दुसऱ्या नळावर हात धुवायला लावला. त्या रडत होत्या आणि धूत होत्या.

एक आशा मला तेव्हाही होती. कुणी सांगावं, पेल्यांची अदलाबदल झाली असेल, हा आधीच धुऊन साध्या पाण्यानं भरलेला असेल. मी हातमोजे घातले, कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणाची बाटली काढली आणि पेल्यात थोडंसं ओतलं. पाणी असेल तर काही होणार नाही. फ्लोराइड असेल तर कॅल्शियम ते पकडून खाली बसेल. या आयुष्यात मी हजारो वेळा असलं द्रावण गढूळ होण्याची वाट बघितली आहे. त्या दिवशी एकदाच, ते गढूळ होऊ नये म्हणून मी हात जोडले.

पेल्यात दुधासारखा पांढरा ढग उतरला.

फ्रिजमधून ट्यूब आणली. मावशींनी पेला बाहेरूनच धरला होता, तरी त्यांच्या तळव्यालाही थोडं जेल लावलं. तिच्या बोटांना जेल चोळलं, मोठ्या हातमोज्यात उरलेलं जेल पिळलं आणि तो मोजा तिच्या हातात घातला. ती तोवर शांत झाली होती, आणि तेच मला सहन होत नव्हतं. "काही होत नाहीये मॅडम. खरंच. नुसतं गार लागतंय," ती म्हणाली. काही होत नाहीये हेच या आम्लाचं लक्षण आहे, हे तिला माहीत होतं. तिनं स्वतः प्रयोगशाळेच्या भिंतीवर ते मोठ्या अक्षरात लिहून लावलं होतं.

बाहेर रस्त्यावर सगळ्या रिक्षा माळा घालून उभ्या होत्या. पहिला रिक्षावाला म्हणाला, "आत्ताच पुजलीया. नारळ बी फुटायचाय." दुसऱ्यानं तिचा मोजा बघितला आणि काही न विचारता चाक पुसायचं फडकं बाजूला टाकलं. वाटेत त्यानं विचारलं, "भाजलं काय?"

"न्हाय," ती म्हणाली.

"मग कापलं?"

"न्हाय."

"मग दवाखान्यात कशाला चाललाय सणाचं?"

मी म्हटलं, "तुम्ही चला." मी मोज्यावरून तिची बोटं चोळत होते. एकेक बोट, पेराला पेर. चोळताना मनात हिशेब चालू होता. शंभरात पाच भाग आम्ल. बोटांवर राहिलं असेल ते किती? थेंबाचा अर्धा भाग, पाव भाग? शिंपडल्यापासून धुवेपर्यंत एक अख्खी आरती आणि हळदीकुंकू. कितीही कमी धरलं तरी उत्तर मला पटण्याइतकं लहान येत नव्हतं.

दवाखान्यात सणामुळं एकच तरुण डॉक्टर होता. त्यानं मोजा काढला, हात उजेडात धरला, उलटापालटा केला. तळव्यावर हळदीचा डाग होता, बाकी काही नव्हतं.

"जखम कुठाय?"

"नाहीये. नंतर होईल," मी म्हटलं.

"नंतर होईल म्हणजे?"

मी त्याला आम्लाचं नाव सांगितलं, किती पातळ ते सांगितलं, किती वेळ हातावर होतं ते सांगितलं. तो म्हणाला, "फ्लोराइड म्हणजे टूथपेस्टमध्ये असतं ते ना?" मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. म्हटलं, "मीठ आणि क्लोरीन वायू यांत जेवढा फरक, तेवढा यात आहे. तुमच्या वरिष्ठांना फोन लावा. मी इथून हलणार नाही." चांगली गोष्ट ही की त्यानं कमीपणा न मानता फोन लावला. बोलता बोलता तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. फोन ठेवल्यावर त्यानं तिला कॉटवर झोपवलं, छातीला हृदयाचा आलेख काढणाऱ्या तारा लावल्या आणि कॅल्शियम मोजायला रक्त घेतलं. माझ्याशी बोलताना आता त्याचा आवाज खाली आला होता. त्यामुळं माझं भय कमी होण्याऐवजी वाढलं.

तिचा नवरा आला तो कपाळाला कुंकू आणि शर्टाला ग्रीस लावूनच. लेथची पूजा अर्धी टाकून आला होता. त्यानं बायकोचा हात बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"ठणठणीत दिसतंय की."

"दिसतंय," मी म्हटलं.

"मग ह्या तारा कशाला?"

"ते आत जातं. हाडापर्यंत. वरून कळत नाही."

"आन अंगठी?"

"माझ्या पर्समध्ये आहे. धुऊन ठेवलीय."

त्यानं तारांकडं बोट केलं. मग म्हणाला, "आमच्या कारखान्यात भट्टी लाल दिसती. लेथ फिरतं त्ये दिसतं. हात कुठं घालायचा न्हाय त्ये आंधळ्यालाबी कळतं. तुमी पाण्यासारखं ठेवताय, पेल्यात ठेवताय, आन पूजेला मांडताय."

"अहो, गप्प बसा की," ती कॉटवरून म्हणाली.

त्याचं चुकलं नव्हतं.

रक्तातलं कॅल्शियम ठीक आलं. हृदयाच्या रेषेतही काही नव्हतं. डॉक्टर म्हणाला, अजून थांबू, पुन्हा रक्त घेऊ. दुपार झाली. नवऱ्यानं बाहेरून पुरणपोळीचा डबा मागवला, तिनं डाव्या हातानं दोन घास खाल्ले. मी जेल चोळत होते. तीन बोटांचं काही नव्हतं. अनामिकेच्या नखाखाली मला राखाडी छटा दिसल्यासारखी वाटली. ती आहे की माझ्या सावलीमुळं दिसते, हे ठरवायला मी खिडकीपाशी, दिव्याखाली, पुन्हा खिडकीपाशी तिचा हात नेला. ती म्हणाली, "मॅडम, माझ्या बोटाचाही स्पेक्ट्रम काढा आता." तिचा नवरा पहिल्यांदा हसला. मी हसले नाही, कारण त्याच वेळी तिनं ते बोट किंचित आत ओढून घेतलं होतं.

"दुखतंय?"

"थोडं. दाढ दुखते तसं. आतून."

त्यानंतर ते झपाट्यानं वाढलं. तिच्या ओठांवर घाम आला. नवरा म्हणाला, "डॉक्टर, सुन्न करा की बोट. बघवत न्हाय." डॉक्टरनं मान हलवली. "बोट बधिर करायचं नाही. आता मी बोटाभोवती कॅल्शियमची इंजेक्शनं देणार. ती आत आम्लापर्यंत पोचली तर दुखणं थांबेल. बधिर केलं तर पोचली की नाही हे मला कशावरून कळणार? दुसरं मोजमाप माझ्याकडं नाही." मग त्यानं तिला सांगितलं, "दहापैकी किती दुखतंय ते दर वेळी सांगायचं. खरं सांगायचं. तुम्ही सांगाल त्यावर मी पुढची सुई ठरवणार."

"आठ," ती म्हणाली.

पहिली सुई गेली. तिनं डोळे मिटले, पाय ताणले, आवाज केला नाही. थोड्या वेळानं डॉक्टरनं विचारलं, किती?

तिनं माझ्याकडं बघितलं. "तीन," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. आठवरून एका सुईत तीन? आकडा असा उतरत नाही. मी तिच्याबरोबर पाच वर्षं काम केलं आहे. माझ्यासमोर कधी "जमलं नाही" म्हणताना ती असंच आधी माझ्याकडं बघते आणि आकडा थोडा सुधारून सांगते. तो मी नेहमी परत मोजायला लावते. इथं परत मोजायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

नवऱ्यालाही ते कळलं. तो वाकून तिला म्हणाला, "ए, मॅडमच्या तोंडाकडं बघून सांगू नगंस. तुझ्या बोटाकडं बघून सांग. परीक्षा न्हाय ही."

ती रडू लागली. तेव्हा मी उठले. तिच्या हातातून माझा हात सोडवला आणि म्हटलं, मी बाहेर बसते. दार लोटून घेतलं.

त्या बाकावर मी जशी घाबरले तशी त्याआधीही घाबरले नव्हते आणि नंतरही नाही. ते बोट राहिलं हे मला आज माहीत आहे. नख काळं पडून गळालं, नवं आलं, थोडं वाकडं आलं. त्या बाकावर यातलं काही माहीत नव्हतं. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, आणि मी आत गेले तर जे कळेल ते खरं नसेल. बोट कापावं लागलं तर तिच्या सासूला काय सांगायचं याची वाक्यं मी जुळवत होते. एकही पुरं होत नव्हतं. घरून माझ्या नवऱ्याचा फोन आला, जेवायला कधी येतेस? मी म्हटलं, येते. फोन ठेवला.

दार उघडून तिचा नवरा बाहेर आला.

"आता सात म्हणाली. मगाचं तीन खोटं हुतं."

"मला वाटलंच."

"दुसरी सुई देतायत. नखापाशी." तो आत गेला. आतून एक दबलेला आवाज आला आणि बंद झाला. मी बाकाची कड धरून बसले.

तो पुन्हा आला. "चार."

"माझं नाव काढलं होतं का तिच्यासमोर?"

"न्हाय. तुमी घरी गेलाय म्हणून सांगितलंय." त्यानं खिशातून पाण्याची बाटली काढली. "पाणी प्या मॅडम. तुमचंच तोंड आठ दिसतंय." बाटली त्यानं बाकावर ठेवली आणि आत गेला.

तिसरी सुई दिली तेव्हा आवाज आला नाही. बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. आवाज न येणं चांगलं की वाईट, हे ठरवायला माझ्याकडं काही नव्हतं. संध्याकाळचं ऊन कॉरिडॉरच्या फरशीवरून भिंतीवर चढलं होतं. मग दार उघडलं. तो दारातच थांबला, खांद्यानं दार धरून.

"एक म्हणतीया. एक कशाचा म्हणून इचारलं, तर म्हणती सुईचा. बोटाचं काय न्हाय."

"रडतेय?"

"न्हाय. वैतागलीया. पुरणपोळी संपवली का म्हणून मला इचारती."

मी बाकावरून उठले नाही.

"थोडं थांबा," मी म्हटलं. "आणि परत एकदा विचारून या."

तो पुन्हा आत गेला.